विहिणीला ‘तू’ म्हणायचा भाद्रपद

भात पोटरीला आलं की लोकांना बरं वाटतं, मला धडकी भरते.

आमच्या घरामागे भाताचा एक चिंचोळा तुकडा आहे. इतका चिंचोळा की त्यात बगळा उतरला तर त्याला वळायला जागा नसते, आला तसा पाठमोरा बाहेर पडतो. भाद्रपदात त्या तुकड्याला वास सुटतो. ओल्या गवताचा, कोवळ्या तांदळाचा, आणि वारा फिरला तर खालच्या मिरकरवाड्यातल्या मासळीचा. लोंबीतला दाणा नखानं दाबला की पांढरं दूध येतं. ह्या दिवसांत पाऊस धो धो लागला तर फुलोरा झडतो, दाणा भरत नाही, म्हणून शेजारपाजारचे सगळे मान वर करून आभाळाकडे बघत असतात. मी मान खाली घालून मोबाईलकडे बघते. आणि माझं तोंड आपोआप स्पॅनिशमध्ये सुरू होतं: यो, तू, एल, एया, उस्तेद. आतून हे विचारतात, ‘‘सुटली का तुझी गाडी?’’

मी एसटीत कंडक्टर होते, हे आधी सांगितलेलं बरं, म्हणजे पुढचं सगळं खरं वाटेल. रत्नागिरी डेपो. माझा आवाज असा की हातखंब्याला ‘‘पुढे सरका’’ म्हटलं की पालीच्या स्टॉपवरची माणसं पुढे सरकत. एकदा निवळीच्या घाटात गाडीचा हॉर्न बंद पडला, तर ड्रायव्हरनं मला दारातल्या खिडकीशी उभं केलं आणि घाट संपेपर्यंत प्रत्येक वळणावर मी ओरडले. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्यांनी डेपोत तक्रार नोंदवली, की त्या गाडीचा हॉर्न फार कर्कश आहे, बदलून टाका.

पण आवाज काय, कोंबड्यालाही असतो. कंडक्टरला हवी ती नजर. माणसानं पायरीवर पाय ठेवला न ठेवला तोच ठरवायचं, ह्याला ‘अरे’ म्हणायचं, ‘अहो’ म्हणायचं, की नुसतं ‘चला’ म्हणून सोडून द्यायचं. खेडच्या गाडीला लोट्याच्या नाक्यावर कारखान्यातली रात्रपाळी करून चढणारा पोरगा असतो, डोळे लाल, अंगाला औषधाचा वास. तो ‘अरे’वर खूश. त्याला ‘अहो’ म्हटलं तर बिचारा खिडकीच्या काचेत आपले केस पिकलेत का बघतो. टोपली घेऊन चढणारी म्हातारी ‘गो आये’वर विरघळते. आणि लुंगी गुंडाळून दारात उभ्या राहिलेल्या एका इसमाला मी ‘‘सरक रे’’ म्हटलं, तो निघाला आमच्या डेपो मॅनेजरचा सासरा. तेव्हापासून संशय आला की ‘अहो’. तू आणि तुम्ही ह्यांच्यामधलं पाणी मी जितक्यांदा ओलांडलं, तितक्यांदा आमच्या गाडीनं बावनदी ओलांडली नसेल.

एवढी मी तयारीची बाई, आणि निवृत्त झाल्यावर एका ‘तू’पाशी माझी गाडी अडली.

आमची एकुलती एक मुलगी सायली. हॉटेलचं शिक्षण घेऊन ती एका प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात लागली. त्याच जहाजाच्या इंजिनरूममध्ये आंद्रेस नावाचा मुलगा होता, स्पेनचा. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. हे मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात, त्यामुळे जावई इंजिनवाला निघाला म्हटल्यावर ह्यांना त्यात देवाची इच्छा दिसली. मला पुढच्या पिढीच्या कपड्यांना येणारा डिझेलचा वास आला. लग्न तिकडेच झालं, विगो नावाच्या बंदरगावात. फोटो बघितले तर काय, तिकडचा मिरकरवाडाच. तीच ट्रॉलरांची दाटी, तसाच बर्फ, तशाच ओरडणाऱ्या पाखरांच्या झुंडी, पाऊससुद्धा आपल्यासारखा बेशरम. आंद्रेसचे वडील केव्हाच गेलेले. आई पिलार, तिथल्या मासळीबाजारात ओट्यावर बसते. म्हणजे माझी विहीण.

इंग्रजीत विहिणीला शब्दच नाही म्हणतात. स्पॅनिशमध्ये आहे. कोन्स्वेग्रा. सायलीनं सांगितला तेव्हा मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, ज्यांना विहिणीला शब्द करावासा वाटला, त्यांच्यात रुसवेफुगवे असणार, म्हणजे माणसं आपल्यातली. मी लगेच मानाची साडी पाठवली, जांभळी, जरीच्या काठाची. पिलारनं ती दिवाणखान्याच्या खिडकीला लावली आणि पडदा किती शोभतो म्हणून फोटो पाठवला. मी ह्यांना म्हटलं, विहीण खूश ना, मग ती नेसेल नाहीतर खिडकी नेसेल.

आमच्याकडे मुलीची आई विहिणीपुढे जन्मभर अर्धी वाकलेली असते. विहिणीला पाट, विहिणीला पहिला चहा, विहीण रुसली तर आख्खी आळी समजूत काढायला. माझ्या आईनं माझ्या सासूला मरेपर्यंत ‘तुम्ही’ म्हटलं आणि सासूनं आईला एकदाही बस म्हटलं नाही, तरी आई म्हणायची, बाई मनानं चांगली आहे. तो वाक माझ्या पाठीत उतरलेला. एसटीत मी कुणाच्या बापाला घाबरले नाही, पण विहीण म्हटलं की कण्यातून वारा जायचा.

त्या वर्षी सायलीला दिवस गेले आणि ती जहाज सोडून विगोला सासरी राहिली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं, जसं आषाढ झाला की श्रावण. मी डिंक आणला, अळीव आणले, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. एवढी शिवली की एका बाळाला पुरून उरलेल्यांत मिरकरवाड्यातला एखादा ट्रॉलर गुंडाळता आला असता. आणि मग तिकडच्या डॉक्टरांनी सायलीला विमान बंद केलं. प्रेशर वाढतंय, जागचं हलायचं नाही. माझा व्हिसा यायचा होता, तो येतच होता. आंद्रेस कुठल्याशा समुद्रात, त्याची पाळी संपल्याशिवाय उतरू शकत नव्हता. म्हणजे बाळंतीण तिकडे, माहेर इकडे, नवरा पाण्यावर, आणि मध्ये एकटी पिलार. जिला स्पॅनिशशिवाय एक अक्षर येत नाही.

म्हणून मी स्पॅनिश शिकायला बसले.

मोबाईलमध्ये एक बाई असते, ती शिकवते. चुकलं तरी रागावत नाही, म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसला नाही. खरं शिकवलं ते इब्राहिमचाचांनी. राजिवड्याचे. उभा जन्म जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढला आणि दक्षिण अमेरिकेच्या सगळ्या बंदरांत भांडणं करून स्पॅनिश शिकले. त्यांची भाषा धक्क्यावरची. मोबाईलमधल्या बाईनं एक दिवस ‘वोसोत्रोस’ म्हणून शब्द दिला, म्हणजे तुम्ही लोक. चाचा म्हणाले, ‘‘ह्ये कोन? मी आख्खा पॅसिफिक फिरलो बाय, मला एक पन वोसोत्रोस भेटला नाय.’’ मग बाईचं खरं की चाचांचं खरं ह्यावर दोन दिवस गेले. शेवटी मी वोसोत्रोसांना रत्नागिरीची हद्द बंद केली.

सगळ्यात आधी ओळखीचा निघाला तो ‘तू’. तिकडेही तू म्हणजे तू. परक्या गावच्या स्टँडवर आपल्या डेपोची गाडी दिसावी तसं झालं. पण लगेच लक्षात आलं, हा इतका आपला ‘तू’ आहे की विहिणीला म्हणायची सोयच नाही. दुसरा कुठला परका शब्द असता तर जिभेनं फसवून म्हटला असता. हा तोंडात आला की समोर आईच उभी राहायची, डोळे वटारून. मानाचा शब्द होता ‘उस्तेद’. मी तो घट्ट धरला, जशी चालत्या गाडीत वरची दांडी धरतात.

‘एल’नं दुसरा घोटाळा केला. मोबाईलमध्ये एक बाप्या सफरचंद खात होता आणि बाई म्हणत होती, एल. म्हणजे तो. ठीक आहे, परका बाप्या, खाऊ दे. पण मी घरातली वाक्यं करायला घेतली: हे जेवतात, हे मिरकरवाड्याला जातात, ह्यांना बांगडा आवडतो. आता ह्यांना ‘एल’ कसं म्हणायचं? ह्यांचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. नोकरीला लागले तेव्हा साहेबांनी नवऱ्याचं नाव विचारलं, मी तिथंच उखाणा घेतला आणि कारकुनानं तो ऐकला तसा उतरवला. अजूनही आमच्या सरकारी कागदांवर ह्यांच्या नावाआधी ‘आंब्याच्या मोहरात’ असं छापून येतं. मी चाचांना विचारलं, नवऱ्याला मान द्यायचा शब्द कुठला? ते म्हणाले, नाय. मग तिकडच्या बायका करतात काय? म्हणाले, नावानं हाक मारतात, आनि जोरात.

मी माझा तोडगा काढला. आपल्याकडे मान दिला की एकाचे अनेक होतात. ‘ते आले’ म्हटलं तरी येतो एकच. तिकडच्या ‘ते’ला शब्द आहे एयोस. झालं. मी पिलारला सांगायला लागले, एयोस जेवले, एयोस झोपलेत, एयोसना खोकला झालाय. ती डोळे मोठे करून ऐकायची आणि मान हलवायची. मला वाटायचं, लेकाच्या सासऱ्यांचा किती आदर आहे ह्या बाईला.

हे सगळं आता हसत लिहिते आहे. तेव्हा हसू येत नव्हतं. सायलीचा रोज फोन यायचा, तिची सकाळ, आपली दुपार. ‘‘मी मस्त आहे आई.’’ चेहरा दिसायचा, तोही गालापर्यंत कापलेला. मी म्हणायची, पाय दाखव. ती म्हणायची, रेंज गेली. एसटीत मी गाडीत पाय टाकताच सांगू शकायची की विनातिकीट कोण बसलंय. तो माणूस झोपेचं सोंग घेत नाही, भांडत नाही, नुसता खिडकीबाहेर बघतो, जणू बाहेरची झाडं त्यानंच लावलीत. माझी पोरगी बोलता बोलता खिडकीबाहेर बघत होती. नंतर एक दिवस मागची भिंत बदलली. पांढरी, वर एक नळी. म्हणाली, ‘‘नुसती तपासणी आहे गं, दोन दिवस ठेवतील.’’ दोन दिवस झाले, भिंत तीच.

भाताच्या तुकड्याकडे बघवत नव्हतं. लोंब्या बाहेर पडत होत्या, जड होत होत्या, आणि रोज दुपारी दक्षिणेकडून ढग भरून यायचे. ह्यांनी इंजिनाचा पाना हातात घेऊन नुसतं बसायला सुरुवात केली होती. बसतात, पाना फिरवतात, ठेवतात. जेवताना मी वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर उठून जातात. आमच्यात बोलणं नव्हतं, कारण बोलण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती दोघांनाही ठाऊक नव्हती. सायलीचं खरं काय चाललंय?

ते सांगू शकणारं एकच माणूस होतं. पिलार रोज पहाटे तिला भेटून मगच बाजारात बसायची. म्हणून मी पिलारला फोन लावायची. लावायची म्हणजे कसं? इस्त्रीची साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू, मागे भिंतीवर देवाचा फोटो दिसेल असा मोबाईल डब्याला टेकवून. आणि मग उस्तेदांची माळ. आपण कशा आहात? आपली प्रकृती कशी आहे? आपला बाजार कसा चाललाय? पहिल्या फोनला ती अंगावर मासळीची खवलं, हातात सुरा, मागं वळून कुणाला तरी शिव्या घालत बोलली होती. मला फार आवडली होती. पण माझे उस्तेद जसे वाढत गेले तशी ती बदलत गेली. आधी सुरा गेला. मग एप्रन गेला. मग केस विंचरलेले दिसायला लागले, कानात मोत्याच्या कुड्या आल्या, पाठ ताठ झाली. मी विचारलं, सायली कशी आहे? ती म्हणाली, ‘‘तोदो ब्येन, सेन्योरा.’’ सगळं ठीक आहे, बाईसाहेब. रोज तेच. दोघी मासळीच्या वासात जन्म काढलेल्या बाया, आणि बोलत होतो अशा की दोन संस्थानांचे दिवाण तहाची कलमं ठरवतायत.

एक दिवस इब्राहिमचाचा ओट्यावर बसून असा फोन ऐकत होते. मी फोन ठेवला. त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, ‘‘बाय, तू विहिनीशी बोलतंस का पोर्ट ऑफिसरशी?’’

मी म्हटलं, मान नको द्यायला?

‘‘दे ना. पन पोर्ट ऑफिसरला कोन सांगतं, की माझ्या बोटीत पानी शिरलंय?’’

चाचा गेले आणि मी तिथंच बसून राहिले, त्यांचा कप हातात धरून.

मग मी सराव सुरू केला. तुळशीला म्हटलं, तू. तुळस काही बोलली नाही. मांजराला म्हटलं, ते उठून गेलं. आरशासमोर उभी राहून ‘‘पिलार, तू’’ म्हणायचा प्रयत्न केला, तर आरशातली बाई आपोआप पदर सावरायला लागली. गणपतीचे दिवस होते. आमच्या वाडीत आरत्या घरोघर फिरतात, टाळ असे वाजतात की कौलं जागची हलतात, आणि मी त्या गजरात उभी राहून मनातल्या मनात विहिणीला एकेरीत हाक मारत होते. समोर तो बसलेला, दूर्वा कानावर, एवढा मोठा पाहुणा. आणि सगळी वाडी त्याला काय म्हणत होती? तू ये. तू जेव. तू सांभाळ. अध्यक्षांना तुम्ही, तलाठ्याला तुम्ही, आणि ह्याला तू. आवशीला तू, देवाला तू. ज्याच्यापुढे रडायला येतं त्यालाच आपण तू म्हणतो, हे मला इतकी वर्षं तिकिटं फाडून कळलं नव्हतं.

विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी घर उगाच मोठं वाटत होतं. मखराच्या जागी तांदळाचे चार दाणे आणि एक वाळलेलं जास्वंद. मी साडी नेसले नाही. गाऊनवर टॉवेल टाकलेला, हाताला नारळ किसल्याचा ओलावा, तशीच फोन लावला. पलीकडे बाजार, पाखरांचा कलकलाट. पिलारनं माझ्याकडे बघितलं आणि सवयीनं एप्रनची गाठ सोडायला हात मागे नेला.

‘‘पिलार,’’ मी म्हटलं. नुसतं नाव. ‘‘तू आई आहेस. मी आई आहे. तू मला खरं सांग.’’

त्या स्पॅनिशमध्ये चुका किती होत्या ते ती आणि तिचा देव जाणे. पण हे दारात उभे होते, त्यांच्या हातातला पाना खाली पडला. त्यांना स्पॅनिश येत नाही, पण तेवढा ‘तू’ कळला होता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी विहिणीला गाडीतून खाली उतरवलंय.

पिलारचा हात मागेच राहिला. मग तिनं समोरच्या गिऱ्हाइकाला हातानंच पलीकडच्या ओट्यावर जायला सांगितलं, पालथ्या टोपलीवर बसली, आणि जी रडायला लागली ती अशी की बाजारातली पाखरं गप्प झाली. मी इतक्या मोकळ्या आवाजात रडताना फक्त स्वतःलाच ऐकलं आहे. तिचे निम्मे शब्द मला कळले, उरलेले तिच्या हातांवरून कळले. सायलीचं प्रेशर उतरत नाही. बाळाचं वजन वाढायचं थांबलंय. डॉक्टर म्हणतात, आता वाट बघायची नाही, उद्या सकाळी बाळ काढणार. सायलीनं शपथ घातली होती, आईबाबा लांब आहेत, त्यांना काही करता येणार नाही, मग सांगून काय करायचं. आणि रोज मी फोनवर अशी राणीसारखी बसलेली असायची, तर ती शपथ मोडायची तरी कुणाजवळ?

‘‘तुझ्याकडे निदान घरभर पुरुष आहेत,’’ ती नाक पुसत म्हणाली. ‘‘जेवणारे, झोपणारे, खोकणारे. मी इथे एकटी आहे.’’

मला आधी कळेना. मग कळलं. मी मोबाईल दाराकडे वळवला. तिथं हे उभे, बनियनवर, गळालेल्या पान्याशेजारी. म्हटलं, एवढेच आहेत. सगळे एयोस मिळून हे एवढेच.

ती रडता रडता हसली. मीही हसले की रडले, आठवत नाही. मग ती टोपलीवरून पुढे वाकली आणि म्हणाली, ‘‘तू सांग. तुमच्याकडे अशा वेळी मुलीची आई काय करते? मी ते करते.’’

मी म्हटलं, जवळ बसते.

दुसऱ्या दिवशी तिकडच्या सकाळी, आपल्या दुपारी, ती जवळ बसली. म्हणजे दवाखान्यात दाराबाहेर, जिथवर बसू देतात तिथवर. फोन चालू ठेवून तो तिनं कोटाच्या खिशात टाकला. त्यामुळे मला दिसत काही नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कापडाची सळसळ. कुणाचे तरी बूट. कुठलं तरी दार, उघडतं, मिटतं. पिलार पुटपुटत होती, प्रार्थना असावी, नाहीतर डॉक्टरांना शिव्या. दोन्ही एकाच चालीवर होतं. इकडे पाऊस लागला. आधी कौलांवर टपटप, मग एकदम आख्खं आभाळच ओतल्यासारखा. फुलोरा झडवणारा पाऊस. हे उठले, फावडं घेतलं आणि शेतात गेले. बांधाला खाच पाडून साचलेलं पाणी काढून द्यायचं काम तसं थोड्या वेळाचं, पण ते परत येईनात. मी खिडकीतून बघितलं तर काम केव्हाच झालेलं, आणि हे भर पावसात भाताच्या कडेला फावड्यावर हात टेकून उभे. ज्या माणसाकडे काहीच करायला उरलेलं नसतं तो जसा उभा राहतो तसे. मी हाक मारली नाही. एक कान खिशात होता माझा.

मग सळसळ वाढली. बूट धावले. बराच वेळ काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’त मी काय काय केलं ते मला सांगता येणार नाही, चुलीवरचं दूध उतू गेलं एवढं नंतर दिसलं. मग एकदम उजेड, पिलारचा लाल झालेला चेहरा, आणि फोन हलत हलत एका पलंगाशी. सायली. पांढरीफटक, ओठ सुकलेले, डोळे उघडे. पिलारचं बोट तिच्याकडे: ‘‘एया, ब्येन.’’ मग फोन परत हलला, लांबलचक बोळ, एक काच, काचेपलीकडे नळ्यांमध्ये काहीतरी इवलं, पेरूएवढ्या डोक्याचं. आणि पुन्हा बोट: ‘‘एया, ब्येन.’’

ती बरी आहे. तीही बरी आहे.

मी पावसात धावले. निवृत्तीनंतर एवढ्या जोरात पहिल्यांदाच ओरडले असेन. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर लिलाव चालला होता, तो म्हणे थांबला. कुणीतरी माझ्या आवाजाला वरची बोली समजून सुरमईची रास माझ्या नावावर सोडली. ती अजून कुणी पोचवली नाही.

ईरा, ते पेरूएवढं डोकं, आता सायलीबरोबर इकडे आली की आमच्या अंगणात फिरते. ह्यांना सरळ नावानं हाक मारते, आंब्याच्या मोहराशिवाय, आणि हे ‘‘ओ’’ देतात. मला वाटतं, हे ‘‘ओ’’ त्यांनी इतकी वर्षं कुणासाठी तरी साठवून ठेवलं होतं. ती जन्मली तेव्हा मात्र काचेतून बाहेर यायला तिनं बरेच दिवस घेतले, आणि ते दिवस आम्ही कसे काढले ते माझ्या तोंडून वाढवूनसुद्धा सांगता येत नाही. भाद्रपद आला की ते सगळे दिवस परत अंगणात येऊन उभे राहतात. फोन वाजला की पहिल्यांदा बोटीत पाणी शिरतं, मगच मी तो उचलते.

पण त्या मोसमातलं मला सारखं दिसतं ते निराळंच. सायली आणि बाळ घरी आली होती, पिलारच्या घरी. डॉक्टरांनी पाय चोळायला परवानगी दिली होती. पायांची सूज अजून पुरती उतरली नव्हती. आता मला ते पाय दाखवले. पिलारनं ऑलिव्हचं तेल कोमट केलं, बाह्या वर सारल्या, फोन कपाटाला टेकवला आणि म्हणाली, सांग. आणि मी सांगायला लागले. मुलीच्या आईनं विहिणीला हुकूम सोडायचे, ती पायाशी बसलेली आणि मी वरून ओरडतेय, हे आमच्या आख्ख्या जिल्ह्यात कधी घडलं नसेल. थोडं तेल घे. तू घाई करू नको. तू जोर लावतेस, हळू. पिलार सगळं ऐकत होती. तिचे हात मासळी कापून कापून राकट झालेले, पण तिनं ते असे ठेवले की सायलीनं डोळे मिटले.

आणि मग माझे शब्द संपले. टाचेला काय म्हणतात? घोट्याभोवती अंगठा कसा फिरवायचा, तळव्याच्या मधोमध दाबून वर कसं यायचं, हे ना मोबाईलमधल्या बाईनं शिकवलेलं, ना धक्क्यावरच्या चाचांनी. पिलार विचारत होती, कसं? असं? असं? मी इकडेतिकडे बघितलं. हे भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांना म्हटलं, झोपा. ते म्हणाले, कुठं? मी म्हटलं, इथंच, चटईवर, पाय फोनकडे करा.

ते झोपले. मी खोबरेल घेतलं, त्यांची लुंगी गुडघ्यापर्यंत सारली आणि चोळायला सुरुवात केली. टाच. घोटा. अंगठा असा, गोल. मग वर. फोनमध्ये पिलार माझ्याकडे बघून सायलीचा पाय तसाच चोळत होती. तिचा हात माझ्या हातामागून एक क्षण उशिरा फिरायचा. ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला. मला वाटलं, बाळंतिणीसारखं पडून राहायची लाज वाटली असेल. मी दुसरा पाय घेतला. तेव्हा बघितलं, टॉवेल हलत होता.

पिलारलाही दिसलं असावं. तिचा हात थांबला. तिनं विचारलं, दुखतंय का त्याला?

‘‘नाही गं,’’ मी म्हटलं. ‘‘तू चोळत राहा.’’